रडका चंबू आणि ओला मोजा

"रडला! रडला! रडला!"

तिसऱ्या आरोळीला आमच्या लाँड्रीच्या इस्त्रीखोलीतली त्रेचाळीस माणसं एकदम पुढे सरकली. माझा पाय खाली आणि बाकी सगळ्यांचे पाय माझ्या पायावर, अशी व्यवस्था झाली.

समोर स्टुलावर पितळी चंबू होता. आधी त्याच्या पोटावर धुकं धरल्यासारखं झालं. मग बारीक थेंब उमटले. एक थेंब दुसऱ्याला भेटला, दोघांना तिसरा भेटला आणि तिघं मिळून घरंगळत खाली आले. एक बाई हुंदका देऊन रडली. तिच्याकडे बघून तिचा नवरा रडला. नवऱ्याकडे बघून मी घड्याळ बघितलं.

"आत बघा!" चंबूमागे बसलेले अश्रूबाबा म्हणाले. "पाणी काठोकाठ आहे की नाही?"

"आहे!"

"एक थेंब तरी कमी झाला?"

"नाही!"

"चंबूला भोक आहे? शंका असेल त्याने यावं आणि लांबून बघावं. हात लावायचा नाही, हात लावला की तो लाजतो. मग सांगा, बाहेर हे पाणी आलं कुठून?"

त्रेचाळीस माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागली.

"तुमच्या दुःखातून! तुम्ही मोठी माणसं. तुम्हाला रडायला वेळ नाही. म्हणून तुमच्या वाटचं हा बिचारा रडतो."

मग अश्रूबाबांनी चमच्याने चंबूचे अश्रू निपटून घेतले आणि पहिला चमचा पुढे बसलेल्या म्हाताऱ्या माणसाला दिला. तो म्हातारा माणूस म्हणजे आमचे अप्पा. लाँड्रीचे मालक, माझे वडील आणि पंचवीस वर्षांचे दमेकरी. त्यांनी डोळे मिटून चमचा घेतला आणि म्हणाले, "मोकळं वाटतंय, बाळ."

बाळ!

आता खरं सांगतो. नंतर सगळे म्हणाले की मी विज्ञानासाठी लढलो. साफ खोटं आहे. माझ्या पोटात दुखत होतं. सत्तावीस वर्षं मी या माणसाचा मुलगा आहे आणि त्यातली नऊ वर्षं त्याच्या इस्त्र्या फिरवतोय. मला आजवर मिळालेली सर्वात गोड हाक म्हणजे "अरे ए". आणि हा परवा आलेला माणूस, बाळ!

त्यात भर म्हणजे अश्रूबाबा माझ्याच वर्गातला. एका बाकावर बसायचो आम्ही. भूगोलाच्या शेवटच्या पेपरात त्याने माझी उत्तरं शब्दाला शब्द उतरवून घेतली. त्याला छत्तीस पडले आणि मला चौतीस. पास व्हायला पस्तीस लागत. दोन जास्तीचे गुण त्याला कशाचे मिळाले, हा प्रश्न मला दहा वर्षं झोपू देत नाही. अक्षराचे असावेत.

तर हा मनुष्य महिन्यापूर्वी तीन पांढरे सदरे धुवायला घेऊन आला. अप्पा खोकत होते. सदरे वाळेपर्यंत त्याने अप्पांना एक चमत्कार दाखवला आणि सदऱ्यांना इस्त्री होईपर्यंत इस्त्रीखोलीचा कोपरा मिळवला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा. कोपऱ्यात कामगारांचे डबे ठेवायचा गुडघ्याएवढा फ्रिज होता. त्यावर त्याने कुणा गिऱ्हाइकाने न नेलेली चादर अंथरली आणि वर मांडी घालून बसला.

हा फ्रिज आहे, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. कामगार त्यात रोज डबे ठेवायचे. पण अश्रूबाबा म्हणाले, "आजपासून हा फ्रिज नाही. हे आसन आहे." झालं. आसन घुर्रर्र करायला लागलं की लोक म्हणत, "नाद ऐकू येतोय." घुर्रर्र थांबलं की म्हणत, "समाधी लागली." इस्त्रीवाल्या मावशींचा डबा खोलीच्या उकाड्यात पडून रोज आंबायला लागला. त्यावर अश्रूबाबा म्हणाले की मावशींच्या मनातली कटुता डब्यात उतरते आहे. मावशींनी त्याबद्दल स्वतःच्या मनाची माफी मागितली आणि दुपारी उपाशी राहिल्या.

दरबार रोज पाच वाजता. आधी पाच मिनिटं पडदा ओढून एकांत, मग पडदा उघडून चंबू. फक्त मंगळवारी चंबूचं मौन.

एवढ्यावर मी जळत राहिलो असतो आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण अप्पांनी पंप बंद केला.

पंप म्हणजे दम्याचं औषध ओढायचं ते निळं यंत्र. डॉक्टरांनी दिलेलं, सकाळ-संध्याकाळ घ्यायचं. अश्रूबाबा म्हणाले, "जो पंप ओढतो, त्याच्यासाठी चंबू अर्ध्या मनाने रडतो." अप्पांनी पंप गल्ल्याखालच्या खणात टाकला आणि वर न विकलेल्या बटणांचा डबा ठेवला. त्याला आता दोन आठवडे झाले होते. येत्या शनिवारी भर दरबारात तो पंप अप्पा स्वतः हातोडीने फोडणार, असं ठरलं.

मी काय केलं? मी म्हणालो, "अप्पा, हातोडी मी धरू का?" म्हणजे कुठल्या तरी कार्यक्रमात माझं नाव असावं.

"तू नको," अप्पा म्हणाले. "आधी चंबूसमोर बस. तुझं मन तपासून घेऊ."

बसलो. पडदा उघडला. मी चंबूकडे बघितलं, चंबूने माझ्याकडे बघितलं. एक मिनिट, दोन, पाच. थेंब नाही. अश्रूबाबांनी उसासा सोडला. तो उसासा मी ओळखला. पेपरात माझं उत्तर दिसेनासं झालं की असाच सोडायचा.

"याच्या मनात मत्सर आहे," ते हळुवारपणे म्हणाले. "कोरडा मत्सर. चंबू तरी काय करणार?"

सगळी खोली माझ्याकडे वळली. आणि सगळ्यात वाईट काय, तर माणूस लबाड होता, पण निदान बरोबर होतं.

*

घरी आलो तर जिन्यात माझी भाची बसलेली. ताईची मुलगी, पाचवीत आहे. शाळा सुटली की ती आमच्याकडे येते आणि ताई कामावरून परत येईपर्यंत आम्हाला सुधारते. तिच्या मांडीवर वही होती. शेजारी खिळ्याला दोन तापमापक टांगलेले, त्यातल्या एकाच्या बुडाला माझा मोजा गुंडाळला होता. ओला.

"हा माझा मोजा आहे."

"होता," ती म्हणाली. "आता तो उपकरण आहे."

"तूही फ्रिजवर बसणार का?"

"मामा, शाळेचा प्रकल्प आहे. तीस दिवस हवेची नोंद ठेवायची. तापमान, ढग, वारा आणि आर्द्रता. म्हणजे हवेत किती पाणी आहे ते."

"हवेत पाणी कुठे असतं? दिसत तर नाही."

"तुझे भूगोलाचे गुण पण दिसत नाहीत. म्हणून काय नव्हतेच?"

"चौतीस होते."

"तेच म्हणतेय." तिने मोज्याकडे बोट केलं. "ओल्या मोज्यातलं पाणी वाळतं, म्हणजे वाफ होऊन हवेत जातं. जाताना उष्णता घेऊन जातं, म्हणून हा तापमापक कमी दाखवतो. हवा कोरडी असली की पाणी भराभर जातं, दोघांत फरक मोठा पडतो. हवेत आधीच पाणी ठासून भरलं असेल तर वाळायला जागाच नाही. मग दोघं जवळजवळ सारखं दाखवतात. मी रोज पाच वाजता तुमच्या इस्त्रीखोलीत नेऊन मोजते. तू अश्रूबाबांकडे डोळे वटारून बघत असतोस, म्हणून तुला मी दिसत नाही."

"मी डोळे वटारत नाही. आज जरा मूड नव्हता."

"मामा, हवा आणि हवामान यात फरक काय?"

"एकच. हवामानात दोन अक्षरं जास्त आहेत."

तिने कपाळावर हात मारला. "आज ऊन आहे, काल ढग होते, ही हवा. रोज बदलते. तीस-तीस वर्षं नोंदी ठेवून एखाद्या जागेचा जो स्वभाव कळतो, ते हवामान. आजोबा आज तुझ्यावर चिडले, ही हवा. तू सगळ्यांवर कायम जळत असतोस, ते हवामान."

मी विषय बदलण्यासाठी वही ओढली. आखीव रकाने होते. कोरडा तापमापक, ओला तापमापक, आणि तिसरा रकाना: चंबू रडला की नाही. रोजच्या ओळीत कोरडा चौतीस, ओला एकतीस, रडला. चौतीस, एकतीस, रडला. फक्त मंगळवारी कोरडा चोवीस आणि ओला तेरा. मौन.

"मंगळवारी काय असतं रे?" तिने विचारलं.

काय असतं हे मला झोपेतही सांगता आलं असतं. मंगळवारी बॉयलर बंद. आतला क्षार खरवडून काढायचा दिवस. त्या दिवशी वाफेच्या इस्त्र्या थंड, खिडक्या सताड उघड्या आणि बाहेर सध्या थंडीचे कोरडे दिवस. बाकीचे सहा दिवस आमच्या खोलीत इतकी वाफ असते की भिंतीसुद्धा घामाघूम होतात.

"म्हणजे चंबू दुःखाने रडत नाही," मी सावकाश म्हणालो. "वाफेने रडतो."

"अर्धंच उत्तर," भाची म्हणाली. "खोलीत वाफ असली, तर स्टूल का रडत नाही? तू का रडला नाहीस?"

ती आत गेली आणि दोन पेले घेऊन आली. एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात फ्रिजमधलं. आधण ठेवलेल्या स्वयंपाकघरात दोन्ही ओट्यावर ठेवले. मिनिटाभरात थंड पेल्याच्या पोटावर धुकं धरलं, थेंब उमटले, एक थेंब दुसऱ्याला भेटला. नळाचा पेला कोरडा ठक्क.

"हवेतली वाफ गार वस्तूला टेकली की तिचं परत पाणी होतं. पहाटे गवतावर दव पडतं ते असंच. वर आकाशात गार पडून ढग होतात तेही असंच."

मी पेल्याकडे बघतच राहिलो. जन्मभर गार बाटल्यांनी आमच्या टेबलावर गोल गोल डाग पाडले आणि त्या डागांपुढे कधी कोणी हात जोडले नाहीत. चंबूपुढे मात्र त्रेचाळीस माणसं.

"पण मग माझ्यासाठी तो का नाही..." मी म्हणालो आणि थांबलो. डोळ्यापुढे फ्रिज आला. चादर, पडदा, एकांत. आत एक गार चंबू, बाहेर एक साधा. ज्याच्यावर राग, त्याच्यासाठी साधा. "चोर! म्हणजे माझ्यासाठी त्याने मुद्दाम..."

"मामा," भाची म्हणाली, "चौथा रकाना वाच."

चौथ्या रकान्यात लिहिलं होतं: आजोबा, पायरी. घराच्या जिन्याला अठरा पायऱ्या. दोन आठवड्यांपूर्वी अप्पा दम घ्यायला अकराव्या पायरीला थांबत. मग नवव्या. मग सातव्या. काल चौथ्या.

"त्यांच्या श्वासात शिट्टी वाजते," ती हळू म्हणाली. आता तिचा आवाज पाचवीतल्या मुलीसारखा लहान झाला होता. "तुला ऐकू येत नाही?"

आली नव्हती. एकाच छपराखाली राहून मला फक्त "बाळ" ऐकू आलं होतं, शिट्टी नाही.

*

शनिवारी खास दरबार सकाळीच. इस्त्रीखोलीत सत्तर माणसं. स्टुलावर चंबू, त्याच्या बाजूला निळा पंप आणि हातोडी. चंबू आधीच घळाघळा रडत होता. अप्पा खुर्चीत खांदे वर ओढून बसले होते. आता मला शिट्टी ऐकू येत होती. दारापर्यंत ऐकू येत होती.

मी चार पानी भाषण लिहून आणलं होतं. पहिलंच वाक्य वाचलं, "या माणसाला भूगोलात छत्तीस गुण पडले, पण..." आणि पुढचं वाक्यही छत्तीस गुणांबद्दलच निघालं. तिसरंही. लोक हसायला लागले. पानं उलटून बघतो तर पंपाचा उल्लेख चौथ्या पानाच्या तळाशी, एका ओळीत.

"बोलू द्या त्याला," अश्रूबाबा प्रेमाने म्हणाले. "आतलं विष बाहेर पडतंय."

अप्पांनी हातोडी उचलली.

"मावशी," भाची माझ्या मागून म्हणाली, "तुमचा डबा कुठे आहे?"

"हा काय." इस्त्रीवाल्या मावशींनी डबा दाखवला. "आजही आंबणार."

"मग फ्रिजमध्ये ठेवा ना."

मावशींनी डब्याकडे बघितलं. फ्रिजकडे बघितलं. महिनाभराची भूक त्यांच्या चेहऱ्यावर एका वेळी गोळा झाली.

"उठा हो बाबा," त्या म्हणाल्या. "मला डबा ठेवायचाय."

"हे आसन आहे, माउली."

"असेल. दार कुठल्या बाजूला उघडतं ते मला माहीत आहे. उठा म्हणते ना!"

ज्या बाईने नऊ वर्षं पाच किलोची इस्त्री फिरवली आहे, तिने दंडाला धरलं की माणूस उठतो. समाधीत असला तरी उठतो. चादर बाजूला झाली, दार उघडलं आणि पिवळ्या दिव्याच्या उजेडात सत्तर माणसांनी आत बघितलं. एक चंबू, अगदी तसलाच. आणि सरबताच्या चार बाटल्या.

"तो... तो चंबूचा धाकटा भाऊ आहे," अश्रूबाबा म्हणाले.

भाचीने एक बाटली काढून स्टुलावर ठेवली. वाफेत तिच्यावर धुकं धरलं, थेंब उमटले, एक दुसऱ्याला भेटला.

"अगं बाई," हुंदकेवाली बाई म्हणाली, "बाटली कोणासाठी रडतेय?"

"कोणासाठीच नाही," भाची म्हणाली. "हवेत वाफ आहे. बाटली गार आहे. गार वस्तूवर वाफेचं पाणी होतं. हात लावून बघा. बाबा म्हणायचे हात लावू नका, कारण हात लावला की गार लागलं असतं."

सत्तर माणसांनी रांगेने चंबूला हात लावला. जो तो "गार आहे!" म्हणून ओरडत होता, जणू अमेरिका सापडली. मग कोपऱ्यात पडद्यामागे ठेवलेला साधा चंबू, जो माझ्यासाठी रडला नव्हता, तो भाचीने आणला. त्यात फ्रिजमधलं पाणी आणि बर्फ ओतला आणि माझ्यासमोर धरला. मिनिटभर थांबलो. तो माझ्यासाठी ढसाढसा रडला. मला सगळं कारण माहीत होतं. तरी गहिवरून आलं.

"पण मला... बरं वाटत होतं..." अप्पा म्हणाले. एवढ्या पाच शब्दांना त्यांना तीनदा थांबावं लागलं. हातोडी अजून हातातच होती.

भाचीने वही त्यांच्या मांडीवर ठेवली आणि चौथ्या रकान्यावर बोट ठेवलं. "आजोबा, बरं वाटणं मला मोजता येत नाही. पायऱ्या येतात. अकरा. नऊ. सात. चार."

अप्पांनी रकाना वरून खाली वाचला. मग हातोडी खाली ठेवली. त्यांचा हात पंपाकडे गेला, पण पोचेना. तेव्हा तो मी उचलून त्यांच्या तोंडाशी धरला. पहिल्यांदा दाबला. थांबलो. पुन्हा दाबला. शिट्टी बारीक होत गेली. खोलीत आता फक्त फ्रिजचा आवाज होता आणि तो निव्वळ फ्रिजचा आवाज होता.

लगेच रिक्षा करून अप्पांना डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी चार दिवस उशीर झाला असता तर जिना चढायची वेळच आली नसती. मग वेगळं औषध दिलं आणि अप्पांना असं काही झापलं की मला त्या डॉक्टरांचाही हेवा वाटला.

आम्ही परत येईपर्यंत अश्रूबाबा चंबूगबाळं आवरून गेले होते. घाईत तिन्ही चंबू मात्र विसरले. जाताना मावशींना म्हणाले म्हणे, "मला हे त्याच्या भूगोलाच्या उत्तरावरूनच सुचलं होतं. 'दव कसे पडते' याला त्याने लिहिलं होतं, 'दवाला दुःख होते म्हणून'." म्हणजे जास्तीचे दोन गुण कशाचे होते हे अजूनही कळलं नाही. पण अक्षराचेच असावेत, हे नक्की झालं.

आता तुम्हाला दोन शब्द सांगतो, आणि यात विनोद नाही. "हात लावू नका, लांबूनच बघा" असं कोणी सांगितलं, की आधी हात लावा. इस्त्री सोडून. एखादी गोष्ट काही दिवशी घडते आणि काही दिवशी घडत नाही, तर त्या दोन दिवसांत काय वेगळं होतं ते लिहून ठेवा. त्याला एक वही आणि एक मोजा पुरतो. आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध कोणी बंद करायला सांगितलं, मग तो माणूस कितीही हळुवार बोलो, तर आधी डॉक्टरांना विचारा आणि घरातल्या माणसाच्या पायऱ्या मोजा. मी मोजल्या नाहीत. मी हेवा मोजत बसलो.

परवा अप्पा बाराव्या पायरीपर्यंत न थांबता चढले. वर पोचल्यावर त्यांनी भाचीला जवळ घेतलं, आपल्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, "शाब्बास, बाळ."

मी जिन्यात उभा होतो, एका पायात मोजा नसलेला. पोटात पुन्हा दुखलं.

"मामा," तिने वही उघडत विचारलं, "आज काय लिहू?"

"लिही, हवा निवळली," मी म्हणालो. "हवामानासाठी अजून तीस वर्षं थांब."